मोनफोर्तीनो २००२: नाकारलेल्या वर्षाची बारोलो

तोरिनोकर (धागाकर्ता)

बारोलो या इटालियन वाइनविषयी कोणी विचारणा केली की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: कोणत्या वर्षाची घ्यावी? त्यावर वर्षे आणि गुण यांचा एखादा तक्ता पुढे केला जातो. अशा तक्त्यांत २००२ समोर जवळजवळ सर्वत्र फार कमी गुण दिसतात. तरीही त्याच वर्षाची एक वाइन, मोनफोर्ते द'आल्बा गावातल्या जाकोमो कोन्तेर्नो या घराण्याची मोनफोर्तीनो, त्या घराच्या मोठ्या वाइनांमध्ये मोजली जाते. हे कसे घडते, याचा विचार करताना माझे या विषयाकडे पाहणेच बदलले, म्हणून हा धागा काढतो आहे.

मी अकरा वर्षे तोरिनो शहरात राहतो. बारोलो जिथे पिकते त्या लांगेच्या टेकड्या इथून जवळ आहेत आणि दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोन-तीन शनिवार तरी मी तिकडे काढतो. मी वाइनच्या व्यवसायातला नाही, त्यामुळे पुढे जे लिहितो ते एका आस्थेवाईक शेजाऱ्याचे निरीक्षण समजावे.

बारोलो ही पिएमोंते प्रांतातल्या अकरा गावांच्या हद्दीत पिकलेल्या नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची वाइन. कायद्याने तिला काढणीच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावे लागते आणि त्यातले १८ महिने लाकडी पिंपांत काढावे लागतात. लेबलवर 'रिझेर्व्हा' लिहायचे असेल तर हीच मुदत ६२ महिन्यांची होते. हेक्टरी ८ टनांपेक्षा जास्त द्राक्ष घेता येत नाही आणि पूर्ण उत्तराभिमुख उतारावरचे द्राक्ष बारोलोसाठी चालत नाही. हे सगळे नियम माणसाने घातलेले आहेत. द्राक्षाच्या स्वभावाचा नियम त्याहून कडक आहे: नेब्बिओलो लवकर फुटते आणि फार उशिरा पिकते. टेकडीवरच्या इतर जातींची काढणी उरकते तेव्हाही नेब्बिओलोचे घड वेलीवरच असतात. ऑक्टोबरात दऱ्यांमध्ये धुके साचते. धुक्याला इटालियनमध्ये 'नेब्बिया' म्हणतात आणि या द्राक्षाचे नाव त्यावरूनच पडले असे तिथे सांगितले जाते. थोडक्यात, एप्रिलमधली हिमकडक थंडी, जूनमधल्या फुलोऱ्यावरचा पाऊस, उन्हाळ्यातली गारपीट, सप्टेंबरातली ओल, यांपैकी काहीही या वेलीच्या नजरेतून सुटत नाही, कारण ती सर्वांत आधी जागी होते आणि सर्वांत शेवटी झोपते.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट. नेब्बिओलोच्या सालीत रंग कमी आणि तुरटपणा, म्हणजे टॅनिन, भरपूर असते. म्हणून बारोलोचा रंग तरुणपणीही फिकट असतो आणि काही वर्षांत विटेकडे झुकतो, पण तोंडात ती घट्ट पकड घेते. आता द्राक्ष पिकणे म्हणजे एकच क्रिया नव्हे. रसात साखर भरते, ती मुख्यतः ऊन आणि उष्णतेवर अवलंबून असते. साल आणि बी पक्व होणे, टॅनिनमधला कच्चा, हिरवट तुरटपणा जाणे, सुगंध तयार होणे, हे मात्र वेळ घेणारे काम आहे आणि ते उष्णता वाढवून तितके घाईने करवून घेता येत नाही. उन्हाळा अतिशय तापला तर साखर पुढे पळते. सालीची पक्वता मागे राहते, आणि शेतकऱ्यापुढे दोनच रस्ते उरतात: लवकर तोडून कोरडे, खरखरीत टॅनिन पत्करायचे, किंवा थांबून मद्यार्क वाढू द्यायचा आणि आम्लता घालवून बसायचे. ऑगस्टच्या अखेरीपासून रात्री गार होत गेल्या आणि दिवस कोरडे राहिले तर या दोन क्रिया एकमेकींच्या जवळ येतात. त्यामुळे मोठे वर्ष म्हणजे गरम वर्ष, ही समजूत या द्राक्षाच्या बाबतीत फसवी आहे. २०१०, २०१३ आणि २०१६ या वर्षांची तेथे जी वाखाणणी होते ती मुख्यतः हंगामाच्या लांबीची आहे.

कोन्तेर्नो घराण्याविषयी. पहिल्या महायुद्धानंतर, बारोलो बहुधा सुटी विकली आणि लवकर प्यायली जात असताना, जाकोमो कोन्तेर्नो यांनी फार दीर्घकाळ टिकेल अशी वाइन करायला घेतली आणि तिला गावाच्या नावावरून मोनफोर्तीनो म्हटले. त्यांचे पुत्र जोव्हान्नी यांनी १९७४ मध्ये सेर्रालुंगा द'आल्बा इथली काशीना फ्रांचा ही सुमारे १४ हेक्टरांची जमीन घेतली. तोवर हे घर इतर शेतकऱ्यांकडून द्राक्ष विकत घेत असे. जोव्हान्नी २००४ मध्ये वारले आणि आता त्यांचे पुत्र रॉबेर्तो कारभार पाहतात. अनेक वर्षे या एकाच मळ्यातून घराच्या दोन बारोलो निघत आल्या: मळ्याच्या नावाची नेहमीची आणि निवडक वर्षांतली मोनफोर्तीनो. मोनफोर्तीनो सालींसह दीर्घकाळ ठेवली जाते आणि नंतर मोठ्या ओक-पिंपांत अनेक वर्षे राहते.

२००२ चा उन्हाळा थंड आणि ओला गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला बारोलोच्या पट्ट्यात जबर गारपीट झाली. अनेक घरांनी त्या वर्षी बारोलो बाटलीत भरलीच नाही. काशीना फ्रांचा गारांतून वाचली होती. पीक मुळात कमी होते, पुढे हवामान उघडले आणि कोन्तेर्नो थांबले. त्यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: त्या वर्षी त्यांनी काशीना फ्रांचा नावाची नेहमीची बारोलो काढलीच नाही, जे निवडून उरले ते सारे मोनफोर्तीनो झाले. याउलट २००३, २००७, २००९ आणि २०११ या उबदार ते कडक उन्हाच्या वर्षांत मोनफोर्तीनो निघालीच नाही. बाजारात ज्यांना सहज 'चांगले' म्हटले गेले त्यांतली काही वर्षे या घराने सोडून दिली आणि जी वर्षे बाजाराने टाकली त्यांतली २००२ आणि पुढे २०१४ ही दोन ठेवून घेतली.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की बाटलीवरचा वर्षाचा आकडा हवामानाबद्दल जितके सांगतो तितकेच एका घराने त्या हवामानात काय राखले आणि काय टाकून दिले याबद्दलही सांगतो. तक्त्यात फक्त हवामान येते. जाणकारांनी आणि विशेषतः आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदारांनी यावर लिहावे ही विनंती.

---

ओलांडा

धागा अतिशय आवडला. माझी निफाड तालुक्यात बाग आहे. चार एकर खाण्याच्या द्राक्षाचे आणि दीड एकर वाइनच्या द्राक्षाचे. आपण लिहिलेली हंगामाची लांबी आम्हांला वेगळ्या रीतीने परिचयाची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे वेल हिवाळ्यात पूर्ण झोपत नाही. त्यामुळे आम्ही दोन छाटण्या घेतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते, आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. वाइनचे द्राक्ष साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडले जाते. म्हणजे आमच्या मण्यात पाणी उतरते, मणी मऊ पडून पिकू लागतात, तेव्हा थंडी असते आणि पुढे काढणीपर्यंत ऊन चढत जाते. तुमच्या बारोलोत नेमके उलटे आहे, तिथे पाणी उतरते ते उन्हाळ्यात आणि द्राक्ष पिकत जाते ते उतरत्या उन्हात, गार होत जाणाऱ्या रात्रींत. साखर आणि आम्लता यांची ओढाताण तुम्ही वर्णिली आहे ती आमच्याकडे जवळजवळ दर वर्षी होते, कारण फेब्रुवारीच्या शेवटी एकदा उष्णता लागली की आम्लता डोळ्यांदेखत खाली येते. काढणीची तारीख ठरवणे हेच आमच्याकडे वर्ष घडवण्याचे मुख्य साधन आहे.

गारपिटीबद्दल सांगण्याची गरज नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली तिच्यात माझे खाण्याच्या द्राक्षाचे दोन एकर तोडणीला चार दिवस राहिले असताना गेले. त्याच वर्षी तुमच्याकडेही हवामान बिघडले होते असे आपल्या लिखाणावरून दिसते.

आता प्रश्न. हेक्टरी ८ टन म्हणजे एकरी साधारण सव्वातीन टन झाले. खाण्याच्या द्राक्षात आम्ही एकरी आठ-दहा टनांची अपेक्षा धरतो, म्हणून हा आकडा वाचूनच छाती दडपली. शिवाय हे लोक उन्हाळ्यात घडांची विरळणीही करतात असे ऐकले आहे. विरळणी केली आणि नंतर गारा आल्या तर? आणि पाने किती ठेवायची याचा निर्णय ते कधी आणि कशावरून घेतात?

---

तोरिनोकर

ओलांडा, आपण चढते ऊन आणि उतरते ऊन हा जो भेद मांडला तो माझ्या लक्षात कधीच आला नव्हता. या एका वाक्यासाठी धागा काढल्याचे समाधान झाले.

विरळणीबाबत आपली शंका अगदी रास्त आहे आणि तिथलीही माणसे तीच शंका बोलून दाखवतात. जुनी पिढी हिरवे घड तोडून जमिनीवर टाकण्याला तयार नव्हती. ज्यांनी उपासमार पाहिली होती त्यांना ते पाप वाटे. सत्तरच्या दशकानंतर हळूहळू ही रीत रुळली. साधारणपणे मण्यात पाणी उतरण्याच्या सुमारास घड कमी केले जातात, कारण मागे राहिलेले घड तेव्हा रंगावरून ओळखू येतात. ओल्या आणि थंड वर्षी वेलीवर ओझे जास्त असेल तर काहीच धड पिकत नाही, म्हणून २०१४ सारख्या वर्षी ज्यांनी निर्दयपणे घड काढले त्यांची वाइन उभी राहिली. विरळणीनंतर गारा आल्या तर गेलेले परत येत नाही. म्हणून काही जण दोन टप्प्यांत विरळणी करतात, आणि काही मळ्यांत गारांपासून जाळ्या लावलेल्या दिसतात.

पानांविषयी तर एका पिढीत सगळे उलटे झाले. पूर्वी चिंता पिकण्याची होती. दक्षिणेकडच्या ज्या उतारावर बर्फ सर्वांत आधी वितळते त्याला पिएमोंतेच्या बोलीत 'सोरी' म्हणतात आणि त्याच जमिनीला मान होता. घडांभोवतीची पाने काढून त्यांना ऊन दाखवले जाई. २००३ मध्ये युरोपात उष्णतेची जी लाट आली तिच्यात असे उघडे केलेले घड भाजले. २०१७ मध्ये ऊन आणि पावसाची ओढ दोन्ही होती, २०२२ मध्ये पुन्हा तेच. आता पाने राखली जातात, वरचे शेंडे काही जण छाटतच नाहीत आणि ओळींमधले गवत कधी राखायचे, कधी काढायचे, हा पाण्याच्या हिशेबाचा भाग झाला आहे. बारोलोत ठिबक घालून नियमित पाणी देता येत नाही, फक्त आणीबाणीत मुभा आहे. त्यामुळे माती पाणी किती धरून ठेवते आणि मुळे किती खोल गेली आहेत यांवर कोरड्या वर्षाची बरीच भिस्त राहते. तरुण वेली पिवळ्या पडलेल्या आणि शेजारच्या ओळीत पन्नास वर्षांच्या वेली हिरव्या, हे दृश्य मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्वतः पाहिले आहे.

पानांचा निर्णय जूनमध्ये घ्यावा लागतो आणि ऑगस्ट कसा जाईल हे जूनमध्ये कोणालाच ठाऊक नसते. वर्ष घडते ते असे, अर्धवट माहितीवर घेतलेल्या दहा-बारा निर्णयांतून.

---

तळघर

धागाकर्त्याच्या लेखनाचा मी आदर करतो, तथापि मूळ मांडणीला माझे दोन आक्षेप आहेत आणि ते स्पष्ट मांडणे उचित वाटते.

पहिला आक्षेप तथ्यांचा. उष्ण वर्षे सोडून दिली असे म्हणताना आपण २००३, २००७, २००९ आणि २०११ दाखवता. परंतु १९९७ आणि २००० ही दोन्ही उबदार वर्षे होती आणि दोन्ही वर्षी मोनफोर्तीनो निघाली आहे. २०१५ हेही थंड वर्ष नव्हते, तीही निघाली. म्हणजे थंड वर्ष राखायचे आणि गरम वर्ष टाकायचे असा सरळ नियम या घराने पाळलेला दिसत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. काशीना फ्रांचा २००२ मध्ये गारांतून वाचली हे दैव होते. ज्यांच्या उतारावर गारा पडल्या त्यांनी कितीही धीर धरला असता तरी काही उरले नसते. तसेच, एखादी वाइन त्या वर्षी न काढण्याचा निर्णय ज्याला परवडतो तोच घेऊ शकतो. ज्या कुटुंबाकडे तीन-चार हेक्टर जमीन, कर्जाचे हप्ते आणि एकच वाइन आहे त्याने काय टाकायचे? 'घराचे निर्णय' हा शब्दप्रयोग करताना त्या घराची ऐपत नजरेआड होऊ नये.

मी तीस वर्षे बाटल्या जपतो आहे. १९९६ ची बारोलो पंधरा वर्षे दार उघडत नव्हती आणि १९९७ ची सुरुवातीपासून सर्वांशी गोड बोलत होती. आज माझ्याकडे १९९६ च्या बाटल्यांनाच पाहुणे मागणी करतात. एवढ्यापुरता मी आपल्याशी सहमत आहे.

---

तोरिनोकर

तळघर, पहिला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. १९९७ आणि २००० यांचा उल्लेख मी टाळायला नको होता. त्या उदाहरणांनंतर माझे म्हणणे असे सुधारून घेतो: या घराने तापमान पाहून निर्णय घेतला नाही, पिंपातली वाइन दीर्घकाळ पेलेल का हे पाहून घेतला, आणि काही उबदार वर्षांत ते उत्तर 'हो' आले. १९९७ ला गरम म्हणावे तर २००३ ला वेगळा शब्द लागेल, कारण २००३ मध्ये उष्णता रात्रीही उतरली नाही आणि वेलींनी स्वतःला वाचवण्यासाठी कामच थांबवले. पाणी नसले की पानांची छिद्रे मिटतात. मग साखर वाढताना दिसली तरी ती मणी सुकल्यामुळे आटलेली असते, नव्याने तयार झालेली नसते.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मला बारोलो गावातल्या बार्तोलो मास्कारेल्लो या घरात सापडते. इथे एकूण जमीन पाचेक हेक्टर. बार्तोलो यांचे वडील जूल्यो यांनी हे घर उभारले, बार्तोलो २००५ मध्ये वारले, आणि आता त्यांच्या कन्या मारिया तेरेझा ते चालवतात. यांची बारोलो एकच. ती चार ठिकाणच्या द्राक्षांतून होते: बारोलो गावातले कान्नूबी, सान लोरेन्झो आणि रुए, आणि शेजारच्या ला मोर्रा गावातले रोक्के. ऐंशीच्या दशकापासून सगळीकडे एकेका उताराच्या नावाने स्वतंत्र बाटली काढण्याची लाट आली, कारण तिला भाव जास्त मिळतो. कान्नूबी हे तर बारोलोतले सर्वांत प्रसिद्ध नाव. तरीही या घराने ते वेगळे काढले नाही. चारही मळ्यांची द्राक्षे एकत्र घालून एकच वाइन, मोठ्या पिंपांत मुरवलेली, हीच त्यांची रीत राहिली. लहान नव्या फ्रेंच पिंपांना, बारिकांना, बार्तोलो यांचा विरोध इतका ठाम होता की त्यांनी स्वतः चितारलेल्या एका लेबलवर 'नो बारिक, नो बेर्लुस्कोनी' (बेर्लुस्कोनी हे इटलीतले राजकारणी) असे लिहिले होते.

या मिश्रणाकडे बहुतेक लोक परंपरा म्हणून पाहतात. ओलांडा यांचा प्रतिसाद वाचल्यावर मला ते पीक-विम्यासारखे दिसू लागले. गार कधीही सरसकट पडत नाही, ती पट्ट्याने येते, एका उताराला झोडपून पलीकडचा कोरडा ठेवते. चार जागी जमीन असेल तर एखादी जाते, चारही क्वचित जातात. शिवाय प्रत्येक उताराची उंची आणि तोंड वेगळे, त्यामुळे तापलेल्या वर्षी जरा गार जागेतले द्राक्ष आम्लता देते आणि थंड वर्षी उन्हाच्या जागेतले द्राक्ष भरीवपणा देते. तीन-चार हेक्टरवाल्या कुटुंबाला वाइन न काढणे परवडत नाही हे खरे, पण त्याची तीच जमीन चार तुकड्यांत विखुरलेली असेल तर त्याला वर्षाशी झगडण्याचे एक साधन आपोआप मिळालेले असते. वारसाहक्काने झालेल्या तुकड्यांकडे आपण नेहमी अडचण म्हणूनच पाहतो, इथे ती ढाल झाली आहे.

मातीविषयी थोडे, कारण वर्षाचा परिणाम तिच्यातूनच गाळून येतो. ला मोर्रा आणि बारोलो गावांच्या बाजूला निळसर-करड्या चुनखडीयुक्त चिकणमातीचे थर आहेत. त्यांना तोर्तोनियन या भूशास्त्रीय काळातले म्हणतात. सेर्रालुंगाच्या बाजूला त्याहून जुने, वाळूखडक मिसळलेले कडक थर आहेत. पहिल्या बाजूच्या वाइन लवकर मोकळ्या होतात, सुगंधाने पुढे असतात. सेर्रालुंगाच्या वाइनचा कणा ताठ असतो. म्हणून २०१४ किंवा २०१८ सारख्या हलक्या वर्षी सेर्रालुंगाचा जन्मजात ताठपणा उपयोगी पडतो, आणि २००६ सारख्या मुळातच घट्ट टॅनिनच्या वर्षी तोच ताठपणा वाइनला फार काळ मुकी ठेवतो. काशीना फ्रांचाला २००२ मध्ये दैवाने साथ दिली, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. तिच्या मातीनेही साथ दिली, एवढे त्यात जोडावेसे वाटते.

---

अंजिरी

या विषयात मी अगदी नवखी आहे, परंतु धागा दोनदा वाचून काढला. भावाने इटलीहून येताना एकाच घराच्या दोन बारोलो आणल्या आहेत, एक २०११ ची आणि एक २०१४ ची. गुणांच्या तक्त्यात २०११ बरीच वर आहे. आधी कोणती उघडावी, आणि हा वर्षांचा फरक माझ्यासारखीला जिभेवर ओळखता येईल का? पुण्याच्या घरात तळघर नाही, बाटल्या वातानुकूलित खोलीतल्या कपाटात आडव्या ठेवल्या आहेत.

---

तळघर

दोन्ही आताच उघडाव्यात. एप्रिल-मेमध्ये वीज गेली की कपाटातले तापमान कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि उष्णतेने शिजलेल्या वाइनला कोणतेच वर्ष उरत नाही.

शक्य असल्यास एकाच संध्याकाळी शेजारी ठेवून चाखाव्यात. बाटली आदल्या दिवशी उभी करावी, म्हणजे गाळ तळाला बसेल. दोन तास आधी बूच काढावे. तापमान १६ ते १८ अंश असावे, आपल्याकडच्या खोलीचे तापमान त्याहून फार जास्त असते, म्हणून अर्धा तास शीतकपाटात ठेवायला संकोच करू नये. आधी २०१४ चाखावी, कारण ती हलकी असेल. २०११ आधी घेतली तर तिच्या उबेपुढे २०१४ पातळ वाटेल आणि तिच्यावर अन्याय होईल.

ओळखायचे कसे, तर तीन जागी लक्ष द्यावे. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना लाळ सुटते का, ती आम्लता. हिरड्या आवळतात त्या कशा, बारीक कापडासारख्या की खरखरीत, ते टॅनिन. घशात ऊब किती राहते, तो मद्यार्क. ही तीन उत्तरे दोन पेल्यांत वेगळी आली की आपण वर्ष चाखले असे समजावे.

---

ओलांडा

पाने आणि ढाल या दोन्हींबद्दल धागाकर्त्याचे आभार. माझे वाइनच्या द्राक्षाचे दीड एकर एकाच तुकड्यात, एकाच तोंडाचे आहे. यंदा गोडी छाटणी एकदम न घेता अर्ध्या बागेची बारा दिवस उशिरा घ्यायचे मी ठरवले आहे, म्हणजे फुलोरा आणि काढणी दोन्ही पुढे-मागे होतील आणि अवकाळी पाऊस आला तरी सगळे एकाच अवस्थेत सापडणार नाही. जागा विखुरता येत नाही तर वेळ तरी विखुरून पाहू. वाइनरीचा माणूस दोन खेपांची तोडणी मान्य करतो का, ते बोलून इथे कळवीन.

---

अंजिरी

काल दोन्ही उघडल्या. घरातले पाच जण होतो. तळघर यांनी सांगितलेल्या क्रमानेच चाखल्या.

२०१४ चा रंग इतका फिकट होता की पेल्याखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे वाचता आली. सुरुवातीला वास जवळजवळ नव्हता, अर्ध्या तासाने वाळलेल्या गुलाबपाकळ्यांचा आणि मागून ओल्या मातीचा आला. लाळ खूप सुटली. २०११ पहिल्या घोटातच सर्वांना आवडली, पिकलेल्या आलुबुखारासारखी, घशात उबदार. आईने तिलाच पसंती दिली.

जेवण मात्र साधे मटणाचे होते, कमी तिखट केलेले. जेवणाबरोबर २०१४ ची बाटली आधी संपली आणि २०११ ची पाव भाग उरली. हे आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते, बाटल्या उचलताना दिसले. उरलेली २०११ आज संध्याकाळी पुन्हा चाखली, तर फळाचा गोडवा मागे सरला होता आणि हिरड्यांना कालच्यापेक्षा अधिक खरखर जाणवली. हाच का तो मागे राहिलेल्या सालीचा तुरटपणा, असे विचारणार होते.

---

तोरिनोकर

एका बाटलीवरून ठामपणे सांगता येणार नाही, कारण उघडी राहिलेली वाइन हवेनेही बदलते. परंतु २०११ मध्ये ऑगस्टच्या उत्तरार्धात उष्णता एकाएकी वाढली होती आणि साखर झपाट्याने चढली, त्या वर्षीच्या अनेक वाइनांत फळ ओसरल्यावर असा कोरडेपणा मलाही लागला आहे. पुढच्या वेळी भाऊ येणार असेल तर त्याच घराची २०१३ मागवा. ती लांब आणि गार हंगामाची आहे. तिची बाटलीही दुसऱ्या दिवसासाठी पाव भाग राखून ठेवा आणि हिरड्यांना काय जाणवते ते इथे लिहा.